‘दो गज’ करकंबला कधी आला? एका खोडलेल्या वाक्याची गोष्ट

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: ‘ग्रामीण प्रेक्षकाची आठवण तारखांच्या बाबतीत विश्वासार्ह नसते.’ दीड वर्षापूर्वी मी ते लिहिलं, तेव्हा गाईडनी शेजारी बरोबरची खूण केली होती. गेल्या दिवाळीत मला ते खोडावं लागलं. खोडायला लावलं माझ्या आत्यानं. संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पुढे मुलाखती घ्याव्या लागणार आहेत, म्हणून हा किस्सा नीट सांगते.

आधी विषय थोडक्यात. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता फिरत्या टॉकीजच्या तंत्राचा इतिहास अभ्यासतेय. म्हणजे तंबूतला सिनेमा: प्रोजेक्टर, जनरेटर, भोंगा, पडदा, आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलेली माणसं. आमचं गाव करकंब, पंढरपूर तालुक्यातलं. बाजारतळावर तंबू लागायचा हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, पाहिलेलं मात्र नाही. माझ्या वेळी घरोघरी केबल आली होती.

या प्रकरणात मी फक्त भुताचे पिक्चर घेतलेत. कमी पैशांत, थोड्या दिवसांत काढलेले, आणि ‘भीती’ या एकाच गोष्टीवर विकलेले. इंग्रजीत अशा सिनेमाला ‘एक्स्प्लॉयटेशन’ म्हणतात. कथा, नटनट्या, गाणी दुय्यम; एक आकर्षण पकडायचं, पोस्टरवर तेच मोठं करायचं आणि त्याच्यावर गल्ला भरायचा. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेत अशा पिक्चरांचं हक्काचं घर म्हणजे ड्राइव्ह-इन थिएटर. आपल्याकडे हे काम मुंबईच्या रामसे कुटुंबानं केलं.

रामसे कोण?

मूळ आडनाव रामसिंघानी. वडील एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं. वडिलांना सिनेमा काढायची हौस. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करायला येतात असा एक प्रसंग होता, आणि लोक तेवढ्यासाठी थिएटरात येतायत हे मुलांच्या लक्षात आलं. मग सगळा पिक्चरच तसा का काढू नये? ही गोष्ट रामसे बंधूंनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितली आहे.

सात भाऊ होते आणि त्यांनी कामं घरातच वाटून घेतली. कुमार लेखन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मितीची बाजू आणि कॅमेरा. १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. चित्रीकरण महाबळेश्वरला, मोजक्या माणसांत, एका विश्रामगृहात मुक्काम करून. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास, असं कुटुंबीयांनीच सांगितलेलं आहे. त्यानंतर ‘अंधेरा’ (१९७५), ‘दरवाजा’ (१९७८), ‘और कौन?’ (१९७९) अशी रांग लागली. सगळ्यांत मोठं यश मिळालं ते १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ला.

हे पिक्चर शहरातल्या मोठ्या थिएटरांच्या भरवशावर नव्हते. छोटी शहरं, तालुक्याची गावं आणि त्याच्याही पुढे तंबू, इथे यांची कमाई होती. प्रिंट महाग असते आणि मोजक्याच निघतात. तीच प्रिंट वर्षानुवर्षं गावोगाव फिरते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अंधार ही पहिली अट

सायन्सवाल्यांसाठी हा भाग. ड्राइव्ह-इन आणि तंबू यांची तुलना मी सुरू केली ती प्रकाशामुळे.

अमेरिकेत पहिलं ड्राइव्ह-इन १९३३ साली न्यू जर्सीतल्या कॅमडेनजवळ निघालं. उघड्या मैदानावर मोठा पडदा, समोर रांगेनं लावलेल्या मोटारी. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस देशभरात अशी चार हजारांहून जास्त ठिकाणं होती. सूर्य मावळल्याशिवाय तिथे पिक्चर सुरू होत नाही. आमच्या तंबूचंही तेच: दिवसा कापडातून उजेड आत येतो, म्हणून खेळ रात्रीचेच. दोन्हीकडे पडद्यावर पडणारा प्रकाश तोकडा. ड्राइव्ह-इनचा पडदा एवढा मोठा की तोच प्रकाश जास्त क्षेत्रफळावर पसरतो आणि चित्र फिकं होतं. तंबूत पडदा लहान, पण प्रोजेक्टर जुना आणि प्रिंट घासलेली.

तंबूतल्या प्रोजेक्टरमध्ये बऱ्याचदा कार्बन आर्क असायचा. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये वीज खेळवायची, मधल्या फटीत झगझगीत ठिणगी पेटते, तिचा प्रकाश आरशानं फिल्मवर टाकायचा. कांड्या जळून आखूड होतात, फट वाढते, उजेड मलूल होतो. ऑपरेटरला सारखं लक्ष ठेवून त्या पुढे सरकवाव्या लागतात. त्याचं लक्ष जरा चुकलं की पडद्यावरची रात्र आणखी काळी.

आता हिशेब करा. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे मिनिटाला ९० फूट. दोन हजार फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांत संपतं. सव्वादोन तासांचा पिक्चर म्हणजे बारा हजार फुटांच्या वर, अशी सात रिळं. पक्क्या थिएटरात दोन प्रोजेक्टर असतात, एक संपला की दुसरा चालू. तंबूत एकच मशीन असेल तर दर २२ मिनिटांनी थांबा. एका खेळात सहा वेळा दिवे लागायचे, पोरं रडायची, शेंगदाणेवाला फिरायचा, आणि पुन्हा अंधार.

यावरून मी एक गृहीतक मांडलं. रामसेंच्या पिक्चरमध्ये लाल-हिरवे-निळे दिवे, विजेचे लखलखाट, कानठळ्या बसवणारं संगीत आणि थोड्या थोड्या वेळानं एक दचका असतो, तो या परिस्थितीला धरून असतो. अंधुक प्रकाशातही रंग दिसतो, लखलखाट दिसतो. आणि दर रिळात काहीतरी घडलं की थांब्यानंतर प्रेक्षक परत जागेवर येतो.

गृहीतक छान होतं. तपासायला गेले आणि अडकले. घड्याळ लावून प्रत्येक दचक्याची वेळ नोंदवायची असं ठरवलं होतं, पण आज मिळणाऱ्या प्रती ठिकठिकाणी कापलेल्या आहेत, रीळ कुठे संपायचं ते त्यांवरून कळत नाही. रंगीत दिव्यांचं म्हणाल तर ब्रिटनच्या हॅमर कंपनीचे आणि इटलीच्या मारिओ बावाचे पिक्चर याच्या आधीचे, आणि रामसे बंधूंना हॅमरचं आकर्षण होतं हे उघड आहे. म्हणजे रंग तंबूसाठी आला की तिकडून उचलला, हे वेगळं करता येईना. शेवटी मी हे गृहीतक ‘शक्यता’ म्हणून ठेवलं आणि कोष्टक काढून टाकलं. दोन महिने गेले. असे दोन महिने तुमचेही जाणार, तयारी ठेवा.

कागद नाहीत, मग माणसं

फिरत्या टॉकीजला परवाना लागायचा. १९५३ चा मुंबई सिनेमा नियमन कायदा आहे, त्याखाली जिल्हा पातळीवर परवाने दिले जात. शिवाय तिकिटावर करमणूक कर. म्हणजे कुठला तंबू कुठल्या गावात कधी होता हे कुठेतरी लिहिलेलं असणार, असं मला वाटलं. एका कार्यालयात चार हेलपाटे घातल्यावर कळलं की त्या काळातल्या नोंदवह्या मुदत संपल्यावर नष्ट केल्या. चूक कुणाची म्हणणार? रद्दी कधी टाकायची याचेही नियम असतात.

मग उरल्या मुलाखती. गावातल्या अकरा जणांशी बोलले, त्यातली एक माझी आत्या. तिचा जन्म अंदाजे १९६२ चा. दिवाळीला ती भाऊबीजेला माहेरी आली होती, सोप्यात बसून मी रेकॉर्डर लावला.

मी विचारलं, “आत्या, ‘दो गज जमीन के नीचे’ कधी पाहिलास गं?”

ती म्हणाली, “दुष्काळात आलता की! लई भ्या वाटायचं. रातच्याला कुणी भाईर पडंना.”

दुष्काळ म्हणजे १९७२ चा, आमच्याकडे सालाची गरजच नसते. पिक्चरही १९७२ चाच. मी खूश. मग विचारलं, पिक्चरमध्ये काय होतं? तर ती म्हणाली, “त्यो सामरी नव्हं का! त्येचं मुंडकं पेटीत घातल्यालं आन् धड देवळामागं पुरल्यालं.”

ज्यांनी हे पिक्चर पाहिलेत ते आत्ताच हसले असतील. ‘दो गज’मध्ये सामरी नाही. त्यात नवऱ्याला मारून पुरतात आणि तो परत येतो, अशी सुडाची कथा आहे. मुंडकं एकीकडे आणि धड एकीकडे, हा सामरी ‘पुराना मंदिर’मधला, म्हणजे १९८४ चा. अनिरुद्ध अगरवाल या उंचापुऱ्या नटानं तो केला, तोही शिक्षणानं इंजिनिअर. आत्यानं बारा वर्षांचं अंतर एका वाक्यात मिटवून टाकलं होतं.

मी काय केलं? ‘आठवण विश्वासार्ह नसते’ हे वाक्य लिहिलं, उदाहरण म्हणून तिची मुलाखत जोडली. नाव अर्थातच नाही, ‘निवेदक क्रमांक ७’.

गेली दिवाळी

गेल्या वर्षी लेख पाठवायच्या आधी मी सगळ्या मुलाखती पुन्हा ऐकायला घेतल्या. आत्याच्या मुलाखतीचा माझा लेखी उतारा असा होता: ‘निवेदकाने हा चित्रपट दुष्काळात पाहिला.’ रेकॉर्डिंगमध्ये आत्या म्हणते: ‘दुष्काळात आलता.’ ‘पाहिला’ हा शब्द फक्त माझ्या प्रश्नात आहे, तिच्या उत्तरात तो कुठेच नाही. प्रमाण मराठीत उतरवताना मी तिचं क्रियापद बदललं होतं.

भाऊबीजेला ती आली तेव्हा पुन्हा विचारलं. या वेळी पिक्चरचं नाव घेतलं नाही. नुसतं म्हटलं, दुष्काळातलं सांग.

ती बराच वेळ बोलली. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आत्या धाकट्या भावाला सांभाळायला सोबत. सुकडी मिळायची त्याचा वास अजून नाकात आहे म्हणाली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. ही आकडेवारी मी वाचली होती. त्या ५० लाखांत माझी आजी होती हे मात्र तोवर डोक्यात आलं नव्हतं. मग आत्या म्हणाली की मुकादमाकडे ट्रान्झिस्टर होता. रात्री तो अंगणात लावायचा, वस्तीतली माणसं गोळा व्हायची. त्यावर ‘दो गज’ची जाहिरात लागायची. किंकाळी, दार वाजल्याचा आवाज, आणि एक जाड आवाज नाव घ्यायचा.

“त्येवढंच ऐकून आमी गोधडीत शिरायचो. पिक्चर कुटं बघितलाय दुष्काळात? पैका व्हता का?”

म्हणजे ‘दो गज’ दुष्काळात ‘आलता’, तो रेडिओवरून.

हे जुळतं का ते तपासलं. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. रामसेंनी ‘दो गज’ची रेडिओवर जाहिरात केली होती. कुटुंब मूळचं रेडिओच्याच धंद्यातलं. आणि ‘रात्री’ हा तपशील मला फार आवडला. मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या आयनांबरातल्या खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि दूरवर पोचतात. पुण्या-मुंबईचं स्टेशन आमच्याकडे रात्री जास्त चांगलं लागणं हे शास्त्राला धरून आहे. आत्याला आयनांबर माहीत नाही, तिला फक्त ‘रातच्याला’ आठवतं.

मग सामरी कधी? विचारलं तर म्हणाली, “दिवाळीला म्हायेरी आलते. थोरला चालत व्हता, तोंडानं बोलत नव्हता.” माझा आतेभाऊ फेब्रुवारी १९८४ चा. चालतो पण बोलत नाही, म्हणजे १९८५ ची दिवाळी. ‘पुराना मंदिर’ १९८४ च्या ऑक्टोबरातला, म्हणजे प्रिंट वर्षभरानं आमच्या बाजारतळावर पोचली. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालेलं, कालव्याचं पाणी टप्प्याटप्प्यानं पसरत होतं, ऊस वाढत होता. घरात तिकिटापुरते पैसे होते. तिनं तेही सांगितलं: “तवा तुज्या आज्ज्यानं समद्यास्नी पैकं दिलतं.”

आणि दोन्ही पिक्चर एका नावाखाली का गेले? कारण पुढे आमच्याकडे भुताच्या कुठल्याही पिक्चरला ‘दो गज’च म्हणायचे. हे मला नंतर आणखी दोघांनी सांगितलं. पहिलं नाव रेडिओवरून कानात बसलं, तेच जातीचं नाव झालं. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणतो तसं.

तिकडेही हेच

हा घोळ अडाणी खेड्यातला आहे असं वाटत असेल तर अमेरिकेकडे बघा. तिथेही स्वस्त भयपटांच्या प्रिंटा एका भागातून दुसऱ्या भागात फिरत, जुना पिक्चर नवं नाव लावून पुन्हा येई. मारिओ बावाचा ‘ए बे ऑफ ब्लड’ १९७१ चा. अमेरिकेत तो ‘ट्विच ऑफ द डेथ नर्व्ह’ नावानं लागला, आणि पुढे ‘लास्ट हाऊस ऑन द लेफ्ट’चा दुसरा भाग म्हणूनही विकला गेला. मूळ ‘लास्ट हाऊस’ वेस क्रेव्हनचा, १९७२ चा, आणि बावाच्या पिक्चरनंतरचा! टेक्सासमधल्या एखाद्या म्हाताऱ्यानं सांगितलं की मी ‘लास्ट हाऊस पार्ट टू’ ड्राइव्ह-इनमध्ये पाहिला, तर यादी बघणारा संशोधक त्याला चुकीचा ठरवेल. तो बरोबर सांगत असेल.

सिनेमाच्या पुस्तकात एका पिक्चरला एकच तारीख असते, प्रदर्शनाची. ती मुंबईची तारीख असते. करकंबसाठी निदान तीन लागतात: नाव ऐकल्याची, पिक्चर पाहिल्याची, आणि जिच्याशी आठवण बांधली गेली त्या घटनेची. या तिन्ही वेगळ्या केल्या की आत्याच्या बोलण्यात एकही चूक उरत नाही. चूक होती ती माझ्या उताऱ्यात.

एक जपून सांगते. यावरून ‘प्रत्येक आठवण खरी’ असा अर्थ काढू नका. अकरापैकी दोघांच्या मुलाखती मी आजही बाजूला ठेवल्यात, कारण त्यांतलं काहीच दुसऱ्या कशाशी जुळत नाही. आत्याची जुळली ती जन्मदाखला, धरण, रेडिओचा इतिहास आणि लहरींचं शास्त्र यांच्याशी. आत्या आहे म्हणून मी तिला सूट दिलेली नाही.

तुमच्यासाठी तीन गोष्टी. मुलाखत उतरवताना बोलीतलं क्रियापद जसंच्या तसं ठेवा, प्रमाण मराठी करायची असेल तर शेजारच्या रकान्यात करा. प्रश्नात उत्तर घालू नका. मी पिक्चरचं नाव आणि ‘पाहिलास’ दोन्ही घातलं आणि दीड वर्ष भोगलं. आणि साल विचारू नका. पोर केवढं होतं, पाऊस होता का, पाणी कुठून भरायचात, हे विचारा. साल तुम्ही काढा.

तिसऱ्या प्रकरणात आता ते वाक्य नाही. त्याच्या जागी आत्याची मुलाखत पूर्ण दिली आहे, डावीकडे तिच्या शब्दांत, उजवीकडे माझ्या. गाईडनी या वेळी खूण केली नाही, ‘इतरांच्याही पुन्हा ऐका’ असं लिहिलंय. ते चालू आहे.

आत्याला छापील पानं दाखवली. तिनं चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि विचारलं, “निवेदक सात म्हंजी कोन?”

म्हटलं, तूच.

“मग नाव लिव की. मी काय भ्यायलीय का?”

संमतीपत्र तिनं त्याच संध्याकाळी सही करून दिलं. नाव प्रबंधात येईल, इथे नाही.